फुटलेली लाख आणि मेंडिंग
डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून गोष्ट रंगवायच्या खेळात कॅन्ट्रिप म्हणजे हवा तितक्या वेळा टाकता येणारा छोटा मंत्र, आणि स्पेल स्लॉट म्हणजे मोठ्या मंत्रांचा ठरावीक कोटा. 'कॅन्ट्रिप म्हणजे स्पेल स्लॉट संपल्यावरचा टाइमपास' असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही बुवा. उलट स्लॉट खर्च होत नाही म्हणूनच तिथे डोकं जास्त चालतं.

आमचा पाच जणांचा ग्रुप नाशिकला इंदिरानगरात एकाच्या गच्चीवर दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती खेळतो. (आधी मिसळ, मग फासे. हा क्रम बदलत नाही.) मध्यंतरी एका सरदाराचं मोहोरबंद पत्र आमच्या हाती लागलं. फोडलं तर बोभाटा, न फोडलं तर कट कळणार कसा? आमच्या विझार्डने (जादूगार पात्राने) सरळ लाख तोडली, पत्र वाचलं, नक्कल उतरवली आणि वर मेंडिंग हा मोडलेलं सांधणारा कॅन्ट्रिप टाकला! १ फुटापर्यंतची एकच चीर सांधते, वेळ लागतो १ मिनिट आणि मागमूस राहत नाही. लाखेचा चुरा झाला असता तर बोंबललंच असतं, म्हणून पठ्ठ्याने ती मधोमध अलगद मोडली होती. डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) बराच वेळ नियमपुस्तक चाळत बसला, मग गुमान पुढे सरकला.

प्रेस्टिडिजिटेशन या कॅन्ट्रिपने अन्नाची चव बदलते, विष जात नाही. आमच्या बार्बेरियनला (रांगड्या लढवय्या पात्राला) हे जरा उशिरा कळलं.

मेज हँड, म्हणजे जादूचा तरंगता हात काढणारा कॅन्ट्रिप, त्याबाबत मात्र डीएमने कडक राहावं. तो हात १० पौंडांपेक्षा जास्त उचलत नाही, हल्लाही करत नाही. पण तेलाची कुपी जिन्यावर रिकामी करायला त्याला कोण अडवतंय?