भिंतीचा रंग, घरातलं चित्र आणि मन : गावाकडचे अनुभव सांगा

दिवाळीआधी घर रंगवायला काढलं आणि रंगावरून आईशी तीन दिवस बोलणं चाललं. मला दुकानातला क्रीम हवा होता, तिला जुनी चुन्यातली नीळ. शेवटी ती म्हणाली, "क्रीममधी मले दवाखान्यात बसल्यावानी वाटते." आपल्याकडे रंग निवडताना किती टिकेल, किती मळेल एवढंच पाहतात. त्या रंगात दिवसभर राहणाऱ्या माणसाला कसं वाटतं, ते कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा. मातीचं घर असो, घरकुल असो की जुना वाडा, तुमचं काय झालं ते लिहा.

माझं आधी सांगते. आमच्या घरकुलाची मागची खोली दहा बाय दहा, एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीसमोर. टीव्हीत पाहून मीच तिथं एका भिंतीला गडद मरून दिला, बाकीच्या तिन्हींना नारिंगी. मुलगा तेव्हा नववीत. अभ्यासाला तिथं बसवलं की थोड्या वेळानं पुस्तक घेऊन ओसरीवर यायचा. मी रागवायची. एकदा म्हणाला, "आई, त्या खोलीत दुपारीच रात होते." मी मनावर घेतलं नाही. मग उन्हाळ्यात मीच तिथं कपड्यांच्या घड्या घालायला बसले आणि पंधरा मिनिटांत डोकं जड झालं. गडद रंग उजेड गिळतो, आलेला परत देत नाही. बाहेरून पश्चिमेची भिंतही तशीच गडद; पारा ४५ वर गेला की रात्री अकरालाही तिला हात लावला तर चटका बसायचा. आता आत पांढरा आहे, नीळेचा जरासा हात मारलेला, आणि बाहेर, स्लॅबवर चुना. मुलगा पुन्हा तिथं बसतो. तो आता मोठाही झाला, सगळं रंगामुळं म्हणणार नाही. पण पाचला दिवा लावावा लागत नाही.

पऱ्हाटी, घाटंजी
बाबा गेले त्याला चार वर्षं झाली. ओसरीत ते नेहमी एकाच जागी बसायचे, भिंतीला डोकं टेकवून. तिथं त्यांच्या डोक्याच्या तेलाचा बशीएवढा डाग पडला होता. वर्षश्राद्धाच्या आधी आम्ही भावांनी घर लखलखीत करायचं ठरवलं आणि ओसरीला पिस्ता रंगाचा ऑइलपेंट मारला. आईसाठीच केलं होतं. संध्याकाळी ती वावरातून आली, ओसरीत उभी राहिली, काही बोलली नाही. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्याच जागी बसून भिंतीवरून हात फिरवत होती. कुणाला सांगायची सोय नाही अशी ही चूक आहे. रंगवण्याआधी घरातल्या बाईमाणसाला विचारा, एवढंच सांगतो.

तो ऑइलपेंट टिकलाही नाही. मातीच्या भिंतीत जमिनीची ओल चढते, तिला बाहेर यायला वाट मिळाली नाही की रंगाचे पापुद्रे सुटतात. चुन्यातून ती ओल सुकते.

(धागाकर्ती) पापुद्र्यांवरून एक. घरात रांगतं लेकरू असेल तर ते लगेच झाडून घ्या. जुन्या रंगांत शिसं असायचं, आणि लेकरू दिसेल ते तोंडात घालतं. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याच्या आधीचे रंग अजून कित्येक भिंतींवर आहेत.

कवेलू, मूर्तिजापूर
आमच्या भिंतीवर गजानन महाराज, तुकडोजी महाराज आणि मुलीनं तिसरीत काढलेला पोळ्याचा बैल. शिंगं निळी, झूल लाल. ती आता पुण्यात असते. सकाळचा चहा मी त्या बैलासमोरच घेतो.

आरोग्यसेविका, चिमूर तालुका
बाळंतिणीची खोली आपल्याकडे बहुधा सगळ्यात अंधारी. दारं-खिडक्या बंद, वर हिरव्या नाहीतर पिवळ्या भिंती. एका घरी पहिलटकरीण दिवसभर रडायची, लोक म्हणायचे नजर लागली. मी बाज ओसरीच्या बाजूला ओढायला लावली आणि रोज येऊन तिच्याजवळ बसले. हळूहळू बोलायला लागली. उजेडानं की बोलण्यानं, मी वेगळं काढू शकत नाही. पण ज्या गोष्टीची खात्री आहे ती ही: बाळाची कावीळ अशा खोलीत ओळखू येत नाही. पिवळ्या भिंतीचा रंग त्याच्या कातडीवर पडतो. बाळाला दिवसाच्या उजेडात आणा, कपाळावर, छातीवर बोटानं हलकं दाबा आणि बोट उचलल्यावर खालची कातडी पहा. पिवळी दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

धुऱ्यावरचा, समुद्रपूर
मी शाळेत शिकवतो. पोरांना सेवाग्रामला नेलं होतं. बापूकुटीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननं मातीत उठवलेली झाडं आहेत, रंग नाही, फक्त माती. एका पोरीनं घरी येऊन चुलीमागच्या भिंतीवर शेणमातीचा मोर उठवला. माय आधी ओरडली. आता ती सारवताना पोतेरं मोराच्या कडेकडेनं फिरवते, पिसाऱ्याला धक्का लागू देत नाही.

पळसफूल, आर्वी
आमचे आबाजी ७८ वर्षांचे. ओसरीची भीत दरवर्षी दसऱ्याआधी तेच रंगवतात. टिपाडात चुन्याचे खडे टाकले की पाणी खदखदायला लागतं, आम्हाला लांब उभं करतात. मूठभर मीठ, थोडा डिंक, आणि शेवटी फडक्यात पुरचुंडी बांधून नीळ. गेली तीन वर्षं ते नीळ वाढवतच गेले. भीत इतकी निळी झाली की येणारा-जाणारा विचारायचा. आबाजी म्हणायचे, "चढूनच नाही राहिली." हळूहळू त्यांनी ओसरीत बसणंच सोडलं, आत खाटेवर पडून राहायचे. आम्हाला वाटलं, म्हातारपण.

मोतीबिंदू निघाला. डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा रंग फिका होतो, हे डॉक्टरांनी सांगितलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर ओसरीच्या पायरीवरच थांबले. "एवढी नीळ कोणं टाकली बे?" मग एक डोळा झाकून पाहिलं, दुसरा झाकून पाहिलं. एकात भीत मातकट, एकात निळी. कितीतरी वेळ तेच करत उभे होते. नंतर बंगईवर बसले, नातवाला जवळ घेतलं आणि दोरीवर वाळणाऱ्या एकेका लुगड्याचा रंग त्याला सांगत राहिले. जेवायला बोलावलं तरी उठले नाहीत.

यंदा नीळेची पुरचुंडी त्यांनी अर्धीच बांधली.