कोल्हापूरला हायकोर्ट आलं, पण तारखेचं काय?

पंचगंगाकाठ

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे त्याच कोर्टाचं मुंबईबाहेर बसणारं पीठ, कोल्हापुरात भरतंय, सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. आदल्या दिवशी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई उद्घाटनाला आले होते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता इथं चालतात. चाळीस वर्षांहून जुनी मागणी. आंदोलनं, काम बंद, मोर्चे, सगळं बघत आमची पिढी मोठी झाली. तरीही मुंबई-पुण्याकडचे काही लोक याला 'वकिलांची सोय' म्हणून हसतात, म्हणून लिहितोय.

आमच्या वडिलांचं जमिनीच्या वाटणीचं सेकंड अपील मुंबईत होतं. रात्री महालक्ष्मीत बसायचं, सकाळी सीएसएमटीवर तोंड धुवायचं, चहा घ्यायचा आणि चालत कोर्टात. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, नंबर सत्तरच्या पुढं. साडेचारला कळायचं, मॅटर पोचलंच नाही. परत रात्रीची महालक्ष्मी. वकील सांगायचे, तुम्ही यायची गरज नाही. पण ज्याची जमीन असते त्याला घरात बसवत नाही हो. निर्णय योग्यच झाला आणि फार उशिरा झाला, असं माझं मत. ज्यांना पटत नाही त्यांनी कारण द्यावं, नुसतं हसू नये.

जुना कारकून

हसत नाही. आयुष्य कोर्टाच्या फायली बांधण्यात गेलं, म्हणून दोन शब्द.

तुमचं मॅटर पोचलं नाही ते कोल्हापूर लांब आहे म्हणून नाही. दिवसाला बोर्डावर शंभर प्रकरणं आणि समोर एक न्यायमूर्ती, म्हणून. मुंबई हायकोर्टाची मंजूर पदं ९४. ती पूर्ण भरलेली मी तरी कधी पाहिली नाहीत. कोल्हापुरात सुरुवात दोन न्यायमूर्तींचं एक खंडपीठ आणि एकेका न्यायमूर्तीची दोन एकलपीठं अशी झाली, म्हणजे चार न्यायमूर्ती. ते आभाळातून पडले नाहीत, आहेत त्यातूनच गेले. तेच पीठ, फक्त तवा बदलला. भाकरी वाढल्या का? मुंबईत ऐकलेलं 'पोचलं नाही' उद्या कोल्हापुरात ऐकाल. फरक एवढाच की रात्री घरी झोपाल.

पंचगंगाकाठ

कारकूनसाहेब, 'एवढाच' म्हणता, ते आमच्यासाठी लै मोठं आहे. रात्री घरी झोपता येणं, म्हशीची धार न चुकणं, एका दिवसाची मजुरी वाचणं. तुमच्या फायलीत याचा रकाना नसतो.

मंडणगडकर

माझा विरोध वेगळा आहे. तुमचा आनंद मान्य, पण नकाशा काढताना कोणी एसटीचं वेळापत्रक बघितलं होतं का? 'रत्नागिरी जिल्हा' म्हणजे सगळा सारखा नव्हे. राजापूर-लांज्याच्या माणसाला अणुस्कुरा किंवा आंबा घाट चढला की कोल्हापूर, त्याचं बरंच झालं. पण आम्ही मंडणगड, दापोली, खेडवाले? आमचा अर्धा गाव मुंबईत नोकरीला. कोर्टाच्या कामाला गेलं तर भावाच्या खोलीत राहायचं, जेवणही तिथंच. आता खेड, चिपळूण, कुंभार्ली घाट, कऱ्हाड आणि मग खाली कोल्हापूर. पावसात घाटात दरड आली की संपलं. आणि कोल्हापुरात आमचं आहे कोण?

जवळ आणायचं होतं ना? मग सीमेवरच्या तालुक्यांना निवड द्यायची होती. (आमच्याकडे तालुका कोर्टाची नवी इमारत झाली, ऑक्टोबरात गवईसाहेब स्वतः आले होते. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच तालुक्यात. त्याचं समाधान आहेच, पण अपिलाला घाट चढून जायचंच आहे.)

सिद्धेश्वर पेठ

सोलापूरचंही थोडंफार तेच. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री झोपलं की सकाळी मुंबई. कोल्हापूरला सांगोला-मिरज करत बसनं अंग आंबतं. किलोमीटर कमी, त्रास जास्त. तरी मी बेंचच्या बाजूनं आहे. आमचा वकील आता स्वतः उभा राहतो. आधी तो मुंबईच्या वकिलाला कागद पाठवायचा, मग दोघांची फी, आणि मुंबईच्या साहेबांना माझं नावसुद्धा आठवायचं नाही.

फोर्टातला काळा कोट

इथं मला शिव्या पडणार, पण बोलतो. सोयीच्या गप्पा ठीक, कामाच्या दर्जाचं काय? करप्रकरणं, कंपनी, सेवाविषयक, घटनात्मक प्रश्न यांत मुरलेले वकील एका जागी असतात, तरुण वकील त्यांना ऐकून शिकतो. ते फोडून चार ठिकाणी वाटलं तर कुठेच दाट उरणार नाही. आणि अंतराचं म्हणाल तर कोविडनंतर व्हिडीओवर सुनावणी आणि ई-फायलिंग आलंय. त्यावर खर्च केला असता तर सहाच काय, सगळ्या जिल्ह्यांचं भागलं असतं. उद्या पुणेही मागेल, मागतंच आहे. मग नाशिक. थांबायचं कुठं?

विट्याची वकीलबाई

दादा, शिव्या नाही, हिशोब सांगते. दहा वर्षं वकिली करतेय. माझ्याच अशिलांची अपिलं मी दुसऱ्याच्या हातात देत आले, कारण लहान पोरगं घरी टाकून मुंबईत चार दिवस बोर्डाची वाट बघत बसणं जमत नव्हतं. ऑक्टोबरात पहिल्यांदा हायकोर्टात स्वतः उभी राहिले. जीभ कोरडी पडली होती, पण उभी राहिले. मुरलेले वकील एका जागी असतात म्हणता, ते तिथं कसे मुरले? कोर्ट दाराशी होतं म्हणूनच ना?

व्हिडीओचं म्हणाल तर, पडद्यावर चौकोनात दिसणाऱ्या वकिलाला न्यायमूर्ती 'पुढची तारीख' म्हणून चटकन मोकळं करतात, हा माझा अनुभव. समोर उभ्या असलेल्याला निदान दोन मिनिटं मिळतात.

आणि थांबायचं कुठं, हा प्रश्न औरंगाबादच्या वेळीही निघाला होता. १९८१ साली तिथं पीठ बसलं ते याच कायद्याखाली, राज्य पुनर्रचना कायदा १९५६, कलम ५१(३). त्यालाही आव्हान दिलं गेलं, १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार मान्य केला, १९८४ मध्ये ते कायमचं झालं. आज तिथलं बंद करा म्हणणारा माणूस दाखवा.

जुना कारकून

बाई, कायदा बरोबर सांगितलात. पण त्यातच मेख आहे. ५१(३) म्हणजे राज्यपालांच्या संमतीनं मुख्य न्यायमूर्तींनी ठरवलेली बैठकीची जागा. कायमचं पीठ म्हणजे ५१(२), त्याला राष्ट्रपतींचा आदेश लागतो. तो येईपर्यंत तुम्ही पाहुणेच. कोल्हापुरात शेंडा पार्कात बेंचची मोठी इमारत उठेल, फीत कापली जाईल. माझा प्रश्न तोच: आत बसणारे न्यायमूर्ती किती? कोल्हापुरी पुढारी मंडळींनी इमारतीसाठी जेवढे मोर्चे काढले, त्यातला एखादा रिक्त पदांसाठी निघाला का?

मंडणगडकर

आणि एखादा आमच्या एसटीसाठी.

पंचगंगाकाठ

कारकूनसाहेब, पदांसाठी मोर्चा निघाला नाही, हे खरं. मंडणगडकर, निवडीचं तुमचं म्हणणंही पटतंय. धागा काढताना माझ्या डोक्यातच नव्हतं ते. बेंच चूक होतं हे मात्र अजून पटत नाही.

राहिलेलं सांगतो. वडील तीन वर्षांपूर्वी गेले, वारस म्हणून आम्ही भावंडं लागलो. अपील गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या बोर्डावर आलं. नंबर ५३. आई म्हणाली मलाही यायचंय. पहिल्यांदाच आली ती, रिक्षानं. साडेचारपर्यंत बाकावर बसून होती.

जुना कारकून

पोचलं?

पंचगंगाकाठ

नाही.