शू बाईट म्हटलं तर कस्टमर विचारते कोण चावलं??

रात्रपाळी_ऐरोली
मी ऐरोलीत कॉल सेंटरमध्ये एका बूटवाल्या प्रोसेसला आहे, कंपनीचं नाव नको, सगळे कस्टमर अमेरिकेतले. परवा एक बाई सांगत होती नवीन बूट टाचेला घासतायत, मी लगेच ओ यू हॅव शू बाईट, ती दोन सेकंद गप्प आणि मग म्हणते, समथिंग बिट मी?? बाजूचा पोरगा हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी होता. त्याच्या आदल्या दिवशी एकाला स्लिपर्स हवे होते, त्याला मी रबरी चपला दाखवत बसलो. ग्रामर ठीक आहे हो माझं, पण हे रोजचं बोलणं कुठे शिकायचं?

घोडबंदरची_ताई
अरे शू बाईट आपलं देशी इंग्लिश आहे, आपल्याकडे बूट चावतो ना म्हणून. इथे सगळ्यांना कळतं, तिकडे नाही. तिकडे बूट रब करतात आणि फोड आला की ब्लिस्टर, माय न्यू शूज गेव्ह मी ब्लिस्टर्स असं सरळ बोलतात. अजून एक लक्षात ठेव, आयॅम स्टिल ब्रेकिंग देम इन म्हणजे नवीन बूट घालून घालून पायाला बसवतोय. मी नवीन असताना ब्रेक ऐकून बूट तुटला समजले आणि रिप्लेसमेंट टाकून मोकळी, टीएलने म्हणजे टीम लीडरने जे काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही 😅

वाशी_टू_ठाणे
स्लिपर्स म्हणजे तिकडे घरात घालायचे मऊ सपाता टाइप. आपली रबरी चप्पल म्हणजे फ्लिप फ्लॉप्स. ऑस्ट्रेलियात त्यालाच थाँग्ज म्हणतात पण अमेरिकन कस्टमरसमोर चुकूनही बोलू नकोस, तिथे ती चड्डी असते. स्पोर्ट्स शूज अमेरिकेत स्नीकर्स, इंग्लंडात ट्रेनर्स. आणि नंबर बघून सांग, आपल्याकडे बहुतेक यूके नंबर चालतो, पुरुषांचा यूके ८ म्हणजे साधारण यूएस ९, बायकांच्यात फरक अजून जास्त. दोन्हीकडे एका नंबरला इंचाचा तिसरा हिस्सा वाढतो, फक्त मोजायला सुरुवात वेगळीकडून. लहान होत असेल तर ट्राय हाफ अ साइज अप म्हण, वन नंबर बिगर नको.

जांभळीनाका
कामावर ठीक आहे, पण उगाच इथल्या दुकानात जाऊन फ्लिप फ्लॉप्स मागू नका, तो स्लीपरच काढून देणार आणि वर दोन रुपये जास्त लावणार 😂
खरी गडबड घालणेमध्ये होते. मराठीत थांब बूट घालतोय आणि आज काळे बूट घातलेत, दोन्हीला घालणेच. इंग्लिशमध्ये घालायची क्रिया पुट ऑन, पायात असले की वेअर. दारात वाकून लेस बांधताना आयॅम वेअरिंग माय शूज म्हणणारे आमच्या ऑफिसात निम्मे आहेत, मी पण होतो. आणि बूट काढा ला ओपन युवर शूज नाही, टेक ऑफ.

रात्रपाळी_ऐरोली
ओपन युवर शूज मी कालच पुतण्याला म्हणालो 🤦 बरं ताई, सोल निघाला तर काय म्हणायचं, आज रात्री तीच केस आहे

घोडबंदरची_ताई
द सोल इज कमिंग ऑफ. आणि फोटो मागून घे आधी, नाहीतर परत टीएल.