मदत हवी आहे: भाच्याचा सपाट तळपाय, स्क्रू बसवावा का? (तातडीचं)

सज्जनगड_७
भाचा १३ वर्षांचा, तळपाय सपाट. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एक्स-रे बघितला आणि घोट्याखाली छोटा स्क्रू बसवू म्हणाले. अर्ध्या तासाचं काम, दोन टाके. सोमवारची तारीख मिळालीय, उद्या पैसे भरायचेत. दोनच गोष्टी सांगा: स्क्रूने कमान येते का, आणि तो नंतर काढावा लागतो का? इन्सोल चार महिने वापरून झालेत, ते कृपया सुचवू नका.

चवडा_टाच
आधी थोडी माहिती द्या. सपाट एक पाय आहे की दोन्ही? दुखतो का, आणि बोट ठेवून नेमकी जागा दाखवतो का? चवड्यांवर उभा राहिला की कमान उठते का? एक्स-रे उभं करून काढलाय की टेबलावर झोपवून? झोपवून काढलेल्या एक्स-रेत पायावर वजनच नसतं, त्यावरून कमान मोजता येत नाही.

रानवाट
तेराव्या वर्षी कसलं ऑपरेशन? अनवाणी चालवा, वाळूत चालवा, पायाच्या बोटांनी टॉवेल गोळा करायला लावा, रोज १५ मिनिटं. बुटांनीच पाय बिघडतात.

चवडा_टाच
रानवाट, मूल चार-पाच वर्षांचं असतं तर तुमचं निम्मं म्हणणं मान्य केलं असतं. लहानपणी पाय सपाटच दिसतात, आठ-दहा वर्षांपर्यंत कमान हळूहळू येते. पाय लवचीक असेल, दुखत नसेल, तर काहीच करायचं नसतं. पण हाडाची ठेवण टॉवेल गोळा करून बदलत नाही, आणि ताठर पायाला हे व्यायाम उलट दुखावतात.

खाकी_स्वप्न
सैन्यभरतीची काळजी करू नका. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल, चवड्यांवर नीट धावता-उड्या मारता येत असेल आणि पाय लवचीक, न दुखणारा असेल तर सपाट पाय चालतो. ताठर असेल तर बाद करतात.

सज्जनगड_७
भरतीचं कुणी विचारलंय? सपाट म्हणजे सपाट, त्यात एक-दोन काय! ओल्या पायाने शहाबादी फरशीवर उभा राहिला की अख्ख्या पावलाचा ठसा उमटतो. एक्स-रेच्या रिपोर्टात 'हाड मोडलेलं नाही' एवढंच आहे. स्क्रूचं सांगा ना.

सुवर्णा_फिजिओ
मामा, इन्सोल सुचवत नाही, पण तो का लागू पडला नाही ते बघायला हवं. मुलाला झोपवा, त्याची टाच एका हाताने धरून किंचित आत वळवून ठेवा आणि पाऊल नडगीकडे ढकला. गुडघा सरळ असताना पाऊल ९० अंशांच्या वर येत नाही, पण गुडघा वाकवल्यावर येतं, तर पोटरीचा वरचा स्नायू आखडलाय. दोन्ही वेळा अडतं, तर अख्खी ॲकिलिसची शीर (पोटरीला टाचेशी जोडणारी) आखूड आहे. टाच आत वळवायला विसरू नका, नाहीतर पाऊल मधूनच दुमडतं आणि पोटरी मोकळी असल्याचा भास होतो. शीर आखूड असताना कडक कमानीचा इन्सोल घातला की टॅलसचं (घोट्यातल्या हाडाचं) डोकं खालून टोचत राहतं आणि मूल बूटच नको म्हणतं.

आणि त्याचे जुने बूट टेबलावर ठेवून मागून एक फोटो टाका.

सज्जनगड_७
बहिणीला फोन केला, व्हिडिओ मागवला. सपाट फक्त उजवा आहे, डावा ठीक. उजव्या बुटाची टाच आतल्या बाजूने पार झिजलीय. फुटबॉल खेळला की बाहेरच्या घोट्याच्या पुढे, जरा खाली दुखतं, तिथेच बोट ठेवतो. वर्षभरात तीनदा पाय मुरगळलाय. चवड्यांवर उभा केला तर डावी टाच आत वळते, उजवी बाहेरच राहते, कमान नाही. एक्स-रे झोपवून काढलाय. हे सगळं डॉक्टरांना कुणी सांगितलं नाही, कारण विचारलं नाही.

चवडा_टाच
तर मग उद्या पैसे भरू नका.

एकच पाय, ताठर, वरचेवर मुरगळणारा, वय १३: हे ऐकून पहिली शंका कोअलिशनची. म्हणजे पावलाच्या मागच्या भागातली दोन हाडं जन्मापासून कूर्चेच्या किंवा तंतूंच्या पट्टीने जोडलेली असतात. पट्टी मऊ असेपर्यंत त्रास नसतो. कॅलकेनियम (टाचेचं हाड) आणि नॅव्हिक्युलर (कमानीच्या माथ्याचं हाड) यांच्यामधली साधारण ८ ते १२ वर्षांत हाडासारखी कडक होते, टॅलस-कॅलकेनियममधली १२ ते १६ वर्षांत. त्याच वयात दुखणं सुरू होतं. टाचेचा सांधा फिरत नाही, म्हणून खडबडीत मैदानावर सगळा पीळ घोट्यावर येतो आणि पाय मुरगळतो.

उभ्याने समोरून आणि बाजूने एक्स-रे काढा, शिवाय ४५ अंशांत तिरपा. पहिली पट्टी तिरप्यातच नीट दिसते. बाजूच्या एक्स-रेत कॅलकेनियमचं पुढचं टोक मुंगीखाऊच्या तोंडासारखं लांब दिसतं का, टॅलसच्या खाली इंग्रजी सी सारखी सलग रेषा दिसते का, बघायला सांगा. ऑपरेशन ठरण्याआधी सीटी हवंच, दोन पट्ट्या एकत्रही असतात.

आता तुमचा प्रश्न. तो स्क्रू टॅलस आणि कॅलकेनियममधल्या पोकळीत बसतो आणि टाचेला बाहेर कलू देत नाही. म्हणजे टाच हलती असेल तरच त्याला काम आहे. अडकलेल्या सांध्यात तो नुसता टोचतो. लवचीक पायातही त्या जागी दुखणं हीच नेहमीची तक्रार, आणि त्यापायी बऱ्याच जणांचा काढावा लागतो.

निळा_गाऊन
निदान पटलं. पण नुसती पट्टी काढून भागेल असं कुणी समजू नये. टाच फार बाहेर गेली असेल तर पट्टी काढूनही पाय दुखत राहतो. मी सोबतच कॅलकेनियम लांब करतो, इव्हान्स पद्धतीने. क्युबॉइडच्या (कॅलकेनियमच्या लगेच पुढच्या हाडाच्या) सांध्यापासून साधारण दीड सेंटीमीटर मागे कॅलकेनियम कापायचं, फट उघडायची आणि कमरेच्या हाडाचा १० ते १२ मिलिमीटरचा, बाहेरच्या बाजूला रुंद तुकडा ठोकून बसवायचा. फट उघडण्याआधी क्युबॉइडच्या सांध्यातून पिन घातलीच पाहिजे, नाहीतर पुढचा तुकडा वर सरकतो. पाऊल बाहेर ओढणाऱ्या दोन पेरोनियस स्नायूंपैकी ब्रेव्हिस लांबवायचा, लाँगसला हात लावायचा नाही. पोटरी आखडलेली असेल तर तीही सोडवायची. शेवटी चवडा बघायचा: अंगठ्याची बाजू वर उचललेली राहिली तर आतल्या क्युनिफॉर्मची (अंगठ्याच्या लांब हाडामागच्या हाडाची) दुरुस्ती त्याच बैठकीत.

चवडा_टाच
हे सगळं एकाच वेळी करण्याला माझा विरोध आहे. पट्टी काढल्यावर दोन-तीन आठवड्यांत सांधा हलवायला लागायचं असतं, आणि हाड लांबवलं की ६ ते ८ आठवडे प्लास्टर, वजन नाही. मोकळा केलेला सांधा पुन्हा आखडतो. शिवाय मुलाला आधी ४ ते ६ आठवडे चालायचं प्लास्टर किंवा बूट देऊन बघायला हवं, काहींचं तेवढ्यावर थांबतं.

निळा_गाऊन
टाच १६ अंशांहून जास्त बाहेर किंवा सांध्याचा निम्म्याहून जास्त भाग जुळलेला असेल, तर नुसत्या पट्टीवर समाधानी राहू नका, एवढंच म्हणतोय. सीटीवर मोजा आणि मग ठरवा.

चवडा_टाच
मोजून ठरवायचं, हे मान्य.

कुलूपकिल्ली
एवढी कटकट कशाला? पावलाच्या मागच्या भागातले तिन्ही सांधे जोडून टाका, ट्रिपल फ्यूजन. एकदाच काय ते.

निळा_गाऊन
१३ व्या वर्षी? हे सांधे कायमचे बंद केले की पुढची वर्षं सगळा झटका घोट्याच्या सांध्याला बसतो आणि तिथे झीज सुरू होते. ते शेवटचं शस्त्र, सांधे आधीच खराब झालेले असतील तेव्हाचं.

मधुरा_के
धागा वेगळा आहे, तरी विचारते. मुलगी ११ वर्षांची, तिची कमान उलट फारच उंच आहे, बोटं वाकडी झालीत, चप्पल बाहेरच्या कडेने झिजते. हाही इन्सोलचाच प्रकार ना?

चवडा_टाच
ताई, उंच कमानीत आधी नसा आणि मग हाडं. दोन्ही पाय असे असतील तर तुमचे आणि तिच्या बाबांचे पाय चपला काढून एकत्र बघा. शार्को-मारी-टूथ हा नसांचा आजार बहुतेक वेळा आई किंवा वडिलांकडून येतो, आणि स्वतःचा पाय असा आहे हे कित्येकांना ठाऊकच नसतं. नर्व्ह कंडक्शन (नसांची तपासणी) करून घ्या. एकच पाय असेल, किंवा वाढत चालला असेल, तर कण्याचा एमआरआय आधी.

मग फळीची परीक्षा. अडीच सेंटीमीटर जाड लाकडी फळीवर टाच आणि पावलाची बाहेरची कड ठेवून तिला उभं करायचं, अंगठ्याकडची बाजू फळीबाहेर मोकळी सोडायची. मागून बघा. आत वळलेली टाच सरळ झाली तर दोष पुढे आहे, अंगठ्याचं लांब हाड खाली दाबलं गेलंय. अशा वेळी तळव्याचा पडदा सोडवून त्या हाडाच्या मुळाशी वरून पाचर काढतात. टाच तशीच राहिली तर टाचेच्या हाडालाही बाहेरून पाचर काढावी लागते किंवा ते बाहेर सरकवावं लागतं. फार सरकवलं तर आतल्या घोट्यामागची नस दाबली जाते.

निळा_गाऊन
स्नायूंचं राहिलं. पेरोनियस लाँगस जोरदार आणि ब्रेव्हिस अशक्त, पाऊल आत वळवणारा टिबियालिस पोस्टीरियर जोरदार आणि वर उचलणारा अँटीरियर अशक्त, या ओढाताणीतूनच तो पाय घडलाय. म्हणून लाँगस ब्रेव्हिसला जोडायचा आणि गरज पडली तर टिबियालिस पोस्टीरियर पावलाच्या वर आणायचा. हे न करता नुसतं हाड कापलं तर पाय पुन्हा तसाच वळतो.

सज्जनगड_७
सोमवार रद्द केला. आज उभ्याने आणि तिरपा असे एक्स-रे काढले. दुसऱ्या डॉक्टरांनी तिरप्यात कॅलकेनियम आणि नॅव्हिक्युलरमधली पट्टी बोटाने दाखवली. सीटी बुधवारी, तोवर चालायचा बूट. पट्टी काढायची वेळ आली तर काय विचारून ठेवू?

चवडा_टाच
तीन गोष्टी विचारा. तुकडा चौकोनी काढणार की पाचरीसारखा? चौकोनीच हवा, निदान एक सेंटीमीटर फट राहील असा. पाचरीत तळाकडचा भाग मागे राहतो आणि पट्टी पुन्हा जुळते. फटीत काय भरणार? मी चरबी भरतो. काही जण बोटं उचलणारा छोटा स्नायू भरतात, पण तो खोलवर पोचत नाही आणि बाहेरून खड्डा दिसतो. तिसरं, टेबलावरच टाच फिरवून बघणार का? पट्टी निघाल्यावरही फिरत नसेल, तर टॅलसखाली दुसरी पट्टी शोधायला हवी. आणि बुधवारच्या सीटीत दोन्ही पावलं घ्यायला सांगा, डावं दुखत नसलं तरी.