‘नकटी’ हे केवळ नाकाचे वर्णन आहे काय?

गोदाकाठ :
‘नकटी म्हणजे बसक्या नाकाची, एवढेच, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने या म्हणीवर आक्षेप घेणारे उगाच मनाला लावून घेतात’, असे काल येथे लिहिले गेले. नाक बसके असल्याने लग्नात विघ्ने का यावीत, हे लेखकाने सांगावे. माझ्या थोरल्या बहिणीला पाहायला आलेल्या एका बाईंनी, चहाची बशी हातात असताना, ‘मुलगी हुशार आहे, पण नकटी आहे’ असे तिच्यादेखत म्हटले. त्यानंतर कित्येक वर्षे तिने बाजूने फोटो काढू दिला नाही.

जुना वाचक :
वाईट वाटले, पण दोष त्या बाईंच्या जिभेचा आहे, शब्दाचा नाही. ‘नकटे असावे पण धाकटे असू नये’ या म्हणीने नकटेपणा चालवून घेतलाच आहे. असे एकेक शब्द गाळत गेलो तर खप्पड, चिपडा, चकणा हेही जातील; आजच्या मुलांना त्यांतला फरक आधीच सांगता येत नाही, आणि त्याची खंत कोणालाही नाही.

पेठकर :
दोघांनीही मूळ अर्थ सोडला. नकटा म्हणजे नाक कापलेला. हिंदीत आजही तोच अर्थ आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेतील कावसजी या मराठी बैलहाक्याचे नाक टिपूच्या माणसांनी कापले, आणि पुण्याजवळच्या एका कुंभाराने कपाळाची कातडी वळवून ते पुन्हा घडवले. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ मध्ये ही हकीकत छापली. नाक जाणे म्हणजे अब्रू जाणे, हे यावरून कळावे.

जुना वाचक :
कुंभार नव्हे, विटा पाडणारा! त्या वृत्तांतात तसेच आहे. अर्धवट वाचून इतरांना अर्थ शिकवू नयेत.

पेठकर :
विटा तर विटा. मातीत काम करणाऱ्याने नाक घडवले, हे खोटे ठरत नाही. तुमचा आवाज मात्र उगाच चढला आहे.

गोदाकाठ :
कावसजीचे नाक कापले गेले होते, माझ्या बहिणीचे जन्मतःच बसके आहे. दोघांना एकच शब्द लावायचा आणि वर त्याला निव्वळ वर्णन म्हणायचे, हे मला मान्य नाही.

जुना वाचक :
लग्नघरात ही म्हण उच्चारू नये, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. पण ‘नाकी डोळी नीटस मुलगी हवी’ अशी जाहिरात देणाऱ्यांना आपण कधी जाब विचारला?

गोदाकाठ :
विचारला आहे, आणि सख्ख्या मामांना विचारला आहे. म्हणीतली सतराशे विघ्ने त्याच जाहिरातीतून येतात.