पंप घेऊनही पप्पांना धाप लागते, काय चुकतंय?

स्नेहा_कराड: पप्पा 66 वर्षांचे, दमा जुना. इतकी वर्षं रोटाहेलर (कॅप्सूलमधली पावडर तोंडाने ओढायचं यंत्र) होतं, आता डॉक्टरांनी औषध तेच ठेवून पंप दिलाय, पण पंप मारला की तोंडातून पांढरा धूर बाहेर येतो आणि जिना चढताना परत धाप. दवाखान्यात कोणी नीट दाखवलंच नाही. आई म्हणते गोळीच बरी होती, पंपाची सवय लागते. खूप काळजी वाटतेय, प्लीज सांगा.

फिजिओ_मीनल: ताई, तो धूर म्हणजेच औषध आहे, छातीत न जाता बाहेर येतंय. रोटाहेलरची पावडर जोरात ओढावी लागते, आत कॅप्सूल फरफर वाजते, आणि पप्पांना तीच सवय असणार. पंपाचं बरोबर उलटं. आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटायचे, मग हळूहळू आत ओढायला सुरुवात करतानाच दाबायचा आणि 10 सेकंद श्वास धरायचा, तेवढा नाही जमला तर जमेल तितका. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने. या वयात दाबणं आणि ओढणं एकदम जमत नाही बऱ्याच जणांना, म्हणून डॉक्टरांना विचारून स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) घ्याच, पंप त्यात मारायचा आणि एका पफला चार-पाच साधे श्वास घ्यायचे, बस.

आबा_वाई: स्पेसरला +1. आमच्या आईला त्यानेच फरक पडला. फक्त धुतल्यावर फडक्याने पुसू नका, आपोआप वाळू द्या, पुसलं की औषध आतल्या भिंतीला चिकटतं.

फिजिओ_मीनल: आणि आईंना सांगा, सवय वगैरे काही लागत नाही. सॅल्ब्युटामॉलची (श्वासनळी मोकळी करणारं औषध) गोळी 2 नाहीतर 4 मिलिग्रॅमची, ती सगळ्या अंगात फिरते म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचा एक पफ 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे मोठ्या गोळीचा चाळिसावा भाग, आणि जातो थेट श्वासनळीत. रोजच्या पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंड येतं. बरं वाटलं म्हणून तो मनाने बंद करू नका हां.

स्नेहा_कराड: थँक यू मीनलताई, आबा. चूळ भरायचं तर कोणी बोललंच नव्हतं. उद्याच पंप घेऊन डॉक्टरांकडे जातो, त्यांच्यासमोरच मारायला लावते.

फिजिओ_मीनल: हो, नक्की. पण मधेच धाप इतकी वाढली की एक वाक्य सलग बोलता येत नाही किंवा ओठ निळसर दिसले, तर उद्याची वाट बघू नका, तात्काळचा (धाप लागली की लगेच मारायचा) पंप देत देत सरळ 108 ला फोन लावा.