टू-बॅक करताना प्रीफ्रंटल भाग जास्त चालतो की कमी?

थोरलीताई: धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या चालू आहेत, आवाज ऐकू येणं बरंच थांबलंय. पण तीन कामं एकदम सांगितली की तिसरं हमखास निसटतं. परवा तो एका संशोधनासाठी एफएमआरआयमध्ये, म्हणजे काम करताना मेंदूचा कुठला भाग चालतो ते दाखवणाऱ्या स्कॅनरमध्ये, गेला होता. पडद्यावर एकेक अक्षर येतं, आत्ताचं अक्षर दोन घरं मागच्याशी जुळलं की बटण दाबायचं, यालाच टू-बॅक म्हणतात. ‘डोकं पार शिणलं’ म्हणत बाहेर आला. एका लेखात वाचलं, रुग्णांचा प्रीफ्रंटल भाग, म्हणजे कपाळामागचा मेंदू, कमी काम करतो. दुसऱ्यात उलटं, जास्त करतो. खरं काय?

बटणवाला: मी अशाच प्रयोगांत लोकांना स्कॅनरमध्ये झोपवायचो. ताई, दोन्ही खरं. १९८६ मध्ये वाइनबर्गर या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी पत्ते लावण्याच्या चाचणीत मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. रुग्णांच्या डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटलमध्ये, म्हणजे त्या भागाच्या वरच्या-बाहेरच्या बाजूला, तो हवा तेवढा वाढला नाही. पुढे मॅनॉक आणि कॅलिकॉट यांच्या गटांना वर्किंग मेमरीच्या (माहिती थोडा वेळ डोक्यात धरून वापरण्याच्या) कामात तोच भाग जास्त राबताना दिसला. यावरचा एक प्रचलित खुलासा असा: भार वाढवत नेला की कुणाच्याही या भागाच्या कामाचा आलेख आधी चढतो आणि झेपेनासं झालं की उतरतो. रुग्णांचा लवकर चढतो, लवकर उतरतो. सोप्या पायरीवर मोजलंत तर ‘जास्त’, अवघडवर मोजलंत तर ‘कमी’.

म्हणून लेख हातात आला की मी रंगीत चित्रं नंतर बघतो. आधी बघतो, रुग्णांची उत्तरं किती बरोबर आली. वैतागून बटण सोडून दिलेला माणूसही स्कॅनमध्ये ‘कमी’च दिसतो. स्कॅनरमध्ये डोकं जागचं हललं तर आणखी घोळ.

थोरलीताई: मग त्याचा स्कॅन डॉक्टरांना दाखवू का?

रात्रपाळी: मानसोपचारात काम करते. दाखवून उपयोग नाही. हे फरक गटांच्या सरासरीतले, एका माणसाच्या स्कॅनवरून निदान होत नाही. तिसरं काम निसटतं ते मात्र जरूर सांगा. गोळ्यांनी आवाज कमी होतात, ही अडचण बहुधा तशीच राहते. त्यासाठी कॉग्निटिव्ह रेमेडिएशन म्हणून लक्ष आणि स्मरणाचा सराव असतो, त्याबद्दल विचारा. तोवर एका वेळी एकच काम, तेही कागदावर लिहून.

बटणवाला: आणि ताई, २००३ मध्ये कॅलिकॉट यांनी रुग्णांच्या निरोगी भावंडांनाही तपासलं. उत्तरं इतरांइतकीच बरोबर, तरी तो भाग जास्त राबत होता.

थोरलीताई: म्हणजे मला झोपवलं तर माझाही?

बटणवाला: सरासरीत, हो. तुमचं एकटीचं नाही सांगता येणार.

थोरलीताई: भावाला सांगितलं. म्हणतो, ‘मग तूच जा पुढच्या वेळी.’